एंटेरोबॅक्टेरिएसी
एंटेरोबॅक्टेरिएसी हे गॅमाप्रोटिओबॅक्टेरिया वर्गातील ग्रॅम-ऋण, दंडाकार जीवाणूंचे कुल आहे. ओटो रान यांनी ते १९३७ साली मांडले. एश्चेरिकिया, साल्मोनेला व क्लेब्सिएला हे त्यातील परिचित वंश होत. २०१६ साली जनुकसंचांच्या तुलनेवरून या विस्तृत कुलाची सात कुले करण्यात आली. प्लेगचा जीवाणू ज्यात मोडतो तो यर्सिनिया वंश तेव्हा यर्सिनिएसी कुलात गेला. आमांशकारक शिगेला मात्र उत्क्रांतीच्या दृष्टीने नावापुरताच स्वतंत्र वंश आहे. त्याचे बहुतेक प्रकार एश्चेरिकिया कोलाय (ई. कोलाय) या एकाच जातीच्या निरनिराळ्या शाखांतून, आतड्याच्या पेशींत शिरण्याची क्षमता देणारे प्लाझ्मिड मिळवून, वेगवेगळ्या वेळी उद्भवले. तरीही रोगनिदानात गोंधळ नको म्हणून वैद्यकाने जुनेच नाव ठेवले आहे.