करडईचे कुंपण आणि हृदयातले पेव

खर्ड्याचे नाव इतिहासात येते ते 11 मार्च 1795 च्या, निजामाविरुद्धच्या लढाईमुळे. पण जामखेड तालुक्यातल्या या अवर्षणी मुलखाला रब्बीचाही एक इतिहास आहे, आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो. शाळूच्या रानाला कडेने करडईची तासे घालायची. काट्यांमुळे गुरे आत शिरत नसत, म्हणजे पीक तेच आणि कुंपणही तेच. कोवळ्या पाल्याची भाजी व्हायची. काढणी पहाटे, दहिवराने काटे नरम असताना, हाताला फडकी गुंडाळून. बी घाण्यावर जाई, पेंड बैलांपुढे. तेल बेताचे निघे आणि बेतानेच भाकरीसोबत पोटात जाई. पुढे शहरांत याच तेलाला ‘हृदयाचे तेल’ म्हणून मान मिळाला, कारण त्यातले लिनोलेइक आम्ल रक्तातले कोलेस्टेरॉल उतरवते. ते खरेच आहे. तरी हा हिशेब अर्धा होता असे माझे म्हणणे आहे. सगळ्यांची नजर रक्तवाहिन्यांवर खिळली. हृदयाच्या पेशींच्या आत चरबीचे काय होते, हे कोणी विचारले नाही.

वास्तविक हा प्रश्न जुना आहे. लंडनच्या रिचर्ड क्वेन यांनी 1850 मध्येच हृदयावर बाहेरून चढलेली चरबी आणि स्नायूंच्या तंतूंत साठलेली चरबी असा भेद केला होता. पेशीतले ते थेंब पुढे बराच काळ केवळ ऱ्हासाची खूण मानले गेले. आज आपल्याला माहीत आहे की निरोगी हृदय आपल्या ऊर्जेतला 60 ते 70 टक्के वाटा मेदाम्ले जाळूनच मिळवते. दिवसाला सुमारे एक लाख ठोके द्यायचे, तर शिधा हाताशी हवाच. ते थेंब म्हणजे हृदयाचे पेव. ज्यांनी ज्वारीची पेवे पाहिली आहेत त्यांना ठाऊक असते की पेव भरलेले असणे पुरेसे नाही. ते वेळेवर उघडावे लागते, आणि उघडल्यावर आतली कोंदट, विषारी हवा जाऊ दिल्याशिवाय कोणी खाली उतरत नाही. 2006 मध्ये ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी उंदरांमध्ये थेंबांतली चरबी सोडवणारे एक विकरच बंद केले. हृदये चरबीने गच्च भरली आणि उंदीर हृदय बंद पडून मेले. कणगी भरलेली आणि घर उपाशी! दोनच वर्षांनी जपानमध्ये असाच दोष असलेला रुग्ण आढळला. त्याला हृदयरोपणाची गरज पडली होती. उलट, आत येणारी चरबी जळणाऱ्या चरबीपेक्षा सतत जास्त असेल, तर जास्तीच्या मेदापासून सेरामाइडसारखी घातक द्रव्ये तयार होतात. मधुमेह आणि स्थूलपणात हेच घडते. म्हणून चरबी किती साठली यापेक्षा ती किती फिरती राहिली, हे पाहायला हवे.

यावर कोणी म्हणेल, मग तेल बदलून भागणार नाही का? सिडनीत 1966 ते 1973 या काळात हृदयविकार झालेल्या 458 पुरुषांवर प्रयोग झाला. एका गटाच्या आहारात प्राणिज चरबीच्या जागी करडईचे तेल आणि त्याचेच मार्जरीन दिले. ही आकडेवारी 2013 मध्ये पुन्हा तपासली, तेव्हा त्या गटात 17.6 टक्के आणि दुसऱ्या गटात 11.8 टक्के मृत्यू निघाले. एवढ्यावरून करडईला दोषी ठरवणे मला पटत नाही. तो गट आजारी पुरुषांचा होता आणि मात्रा घाण्याच्या तेलाच्या बेतापेक्षा कितीतरी मोठी. पण तेलाच्या नावाने हृदय वाचते, हा समज मात्र त्या प्रयोगाने पार मोडला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: जुन्या कष्टाच्या, बेताच्या तेलाच्या जगण्याचे इतके कौतुक कशाला? 1972 च्या दुष्काळात याच भागातली माणसे खडी फोडत होती. हे मान्यच करावे लागते, कारण उपासमारही हृदयाला सोडत नाही. तिच्यामुळे रक्त फार कमी झाले की प्राणवायू अपुरा पडतो, चरबी जळत नाही आणि पेशींतच साचते. अशा हृदयाच्या आतल्या स्नायूंवर वाघाच्या कातडीसारखे पिवळे पट्टे उघड्या डोळ्यांना दिसतात. जामखेडला 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले, ते नेमके या टोकापासून: गावातल्याच, पुष्कळदा निरक्षर, बायकांना शिकवून बाळंतिणींच्या आणि मुलांच्या ताटापासून. त्याच मुलखात आज तेल पिशवीतून येते, आणि शाळूच्या कडेची काटेरी तासे विरळ होत चालली आहेत.