पीतबिंदू ऱ्हास, वयोजन्य

डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी असलेल्या पीतबिंदूची उतारवयात होणारी झीज. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरचा चेहरा ओळखणे ही सारी बारीक नजरेची कामे या बिंदूवर चालतात. तो बिघडला की नजरेच्या मधोमध डाग येतो, कडेचे मात्र दिसत राहते. आरंभी पडद्याखाली पिवळसर ठिपके साचतात. तेव्हा नजर बहुधा शाबूत असते. पुढच्या अवस्थेचे दोन प्रकार आहेत : कोरडा, ज्यात पेशी हळूहळू नष्ट होतात, आणि ओला, ज्यात नव्या नाजूक रक्तवाहिन्या फुटून पाझरतात व नजर काही आठवड्यांतही जाऊ शकते.

प्रमाण सांगताना वय न सांगणे म्हणजे काहीच न सांगणे. युरोपीय वंशाच्या लोकांवरील पाहण्यांच्या २०१२ मधील एकत्रित विश्लेषणात पुढच्या अवस्थेचे प्रमाण सत्तरीत १.४ टक्के, ऐंशीत ५.६ टक्के आणि नव्वदीत २० टक्के आढळले. दर दहा वर्षांनी जवळजवळ चौपट! भारतात साठीपुढच्यांच्या ‘इंडआय’ पाहणीत ही अवस्था १.२ टक्के लोकांत दिसली. महाराष्ट्रात नागपूरच्या सूरज नेत्रसंस्थेने आसपासच्या ८ खेड्यांतील ४,७११ जणांचे डोळे तपासले. तेथे पुढची अवस्था विरळ होती. पण त्या पाहणीची सुरुवात वयाच्या तिशीपासून होती. तरुणांच्या गर्दीत म्हाताऱ्यांचा आजार झाकला जातो, हे असे आकडे वाचताना विसरून चालत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यात चित्र उलट असावे. २००१ ते २०११ या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या घटली. २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. कमावते चाकरमानी मुंबईला, म्हातारी माणसे गावात, ही कोकणची जुनी रीत. मुचकुंदी नदीच्या मुखावरील पूर्णगडासारख्या गावाला म्हणूनच राज्याची सरासरी लावण्यात फारसा अर्थ नाही.

अशा किनारी गावांतल्या मच्छीमारांबाबत आणखी एक गोष्ट. अमेरिकेतील चेसापीक उपसागरातल्या दर्यावर्दींच्या पाहणीत अतिनील किरणांशी या आजाराचा संबंध आढळला नाही. पण १९९२ च्या निष्कर्षांत पुढच्या अवस्थेतील रुग्णांच्या डोळ्यांवर आधीच्या २० वर्षांत निळा व दृश्य प्रकाश अधिक पडलेला दिसला. इतर पाहण्यांचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. धूम्रपानाचा धोका त्याहून कितीतरी पक्का आहे. आनुवंशिकताही महत्त्वाची.

खेडोपाडी हा आजार मोतीबिंदूच्या नावावर खपतो आणि शस्त्रक्रियेनंतरही दिसेना की मगच पडद्याकडे लक्ष जाते. ओल्या प्रकारावर डोळ्यात इंजेक्शने देतात. ती पुन्हापुन्हा घ्यावी लागतात आणि वेळेवर सुरू झाली तरच उपयोगी पडतात. एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढत असल्याने एकेक डोळा झाकून दाराची चौकट पाहावी. सरळ रेघ वाकडी दिसली, तर नेत्रतज्ज्ञाकडे त्याच आठवड्यात जावे.