पोथी आणि संथा
पठण हे निव्वळ गायन नव्हे, निव्वळ भाषणही नव्हे. वेदांतील उदात्त, अनुदात्त व स्वरित पाणिनीने बोलभाषेलाही सांगितले आहेत. म्हणजे मंत्राच्या स्वराचे मूळ बोलण्याच्या चढउतारातच आहे.

आयर्लंडच्या उत्तर भागातील बँगोरचा मठ सहाव्या शतकापासून स्तोत्रघोषासाठी विख्यात होता. तेथील सातव्या शतकाच्या अखेरची स्तोत्रपोथी आज मिलानच्या अँब्रोसियन ग्रंथालयात आहे. शब्द वाचता येतात. स्वरचिन्ह मात्र एकही नाही. चाल भिक्षूंबरोबरच गेली!

भारतीय वैदिकांनी लेखणीवाचून, पद, क्रम, जटा, घन अशा पाठांनी, अक्षर व स्वर दोन्ही राखले. गुरूने एकदा म्हणावे, शिष्याने दोनदा, हीच संथा. डब्लिनच्या मराठी घरात अथर्वशीर्षाची नुसती छापील पुस्तिका मुलाच्या हाती दिली, तर बँगोरच्या पोथीहून अधिक ते त्याला काय मिळणार?