पियानोवर आधी बोटं तयार करायची की भाव? शोपाँ काय शिकवायचा, वाचा

रील्स बघताना हा व्हिडिओ कधी ना कधी समोर येतोच. सात-आठ वर्षांचं पोर आणि पियानोवर सुसाट पळणारी बोटं. निम्मे लोक कमेंटमध्ये बदाम टाकतात, आणि कुणीतरी हमखास लिहितं की टायपिंग चालल्यासारखं वाटतंय.

हा वाद पियानो शिकवणाऱ्यांमध्ये जवळपास दोनशे वर्षं चालू आहे. आधी बोटं घोटून घ्यायची आणि भाव नंतर बघायचा, की दोन्ही पहिल्या दिवसापासून?

उत्तराआधी पियानोच्या पोटात काय चालतं ते बघू. इटलीतल्या फ्लोरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने १७०० च्या सुमारास हे वाद्य बनवलं. त्याआधीच्या हार्प्सिकॉर्डमध्ये तार छेडली जायची. पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज साधारण तेवढाच. क्रिस्तोफोरीने तारेवर हातोडी मारायची सोय केली आणि आवाज बोटाच्या ताब्यात आला. 'पियानो' म्हणजे हळू, 'फोर्ते' म्हणजे जोरात. वाद्याचं नाव त्यावरूनच पडलं.

खरी मेख पुढे आहे. तारेला लागण्याच्या क्षणभर आधी हातोडी पट्टीपासून सुटते. त्यामुळे वाजवणाऱ्याच्या हातात उरतं ते इतकंच, की हातोडी किती वेगाने सोडायची आणि सूर कधी थांबवायचा. सूर वाजला की तो विरतच जातो. बासरीवाला फुंक वाढवू शकतो, पेटीवाला भाता. पियानोवाल्याकडे तसं काही नाही. म्हणून पियानोवरचं 'गाणं' हा कानाला दिलेला चकवा आहे. पहिला सूर विरत असताना दुसरा इतक्या बेताने लावायचा की ओळ सलग वाटावी. आता हा बेत साधणं म्हणजे तंत्र की भाव? वेगळं करून दाखवता येत नाही.

तरी १९व्या शतकात ते वेगळं करायचा जोरदार प्रयत्न झाला. १८१४ मध्ये योहान बेर्नहार्ड लोगिए याने 'कायरोप्लास्ट' नावाच्या यंत्राचं पेटंट घेतलं. हात आणि बोटं जागेवर धरून ठेवणारी ही चौकट. पॅरिसमधला नामवंत पियानोवादक काल्कब्रेनर याने तशीच हात टेकवायची दांडी विकली. बोटांचे व्यायाम करताना पुस्तक वाचत बसलात तरी चालेल, असा त्याचा सल्ला होता! जर्मनीत तरुण रॉबर्ट शूमानच्या उजव्या हाताचं बोट याच काळात निकामी झालं आणि वादक होण्याचं त्याचं स्वप्न तिथेच संपलं. बोट मजबूत करणाऱ्या यंत्रामुळे हे झालं की दुसऱ्या कशाने, यावर अभ्यासक अजून भांडतात.

शोपाँचा क्लास

१८३१ मध्ये फ्रेडरिक शोपाँ पॅरिसला आला तेव्हा याच काल्कब्रेनरने त्याला तीन वर्षं आपल्याकडे शिकायचा प्रस्ताव दिला. शोपाँने नकार दिला. पुढे तो स्वतःच शिकवायला लागला, एका धड्याचे २० फ्रँक घेऊन. तेव्हाच्या मानाने फी तगडी होती.

आपल्याकडे पियानोचा पहिला स्केल म्हणजे सी मेजर, कारण सगळ्या पट्ट्या पांढऱ्या. वाचायला सोपा आहे, पण हाताला नाही. शोपाँ सुरुवात बी मेजरने करायचा आणि सी मेजर शेवटी ठेवायचा. कारण साधं आहे. मधली तीन बोटं लांब, अंगठा आणि करंगळी आखूड. लांब बोटं काळ्या पट्ट्यांवर ठेवली की हात आपोआप सैल बसतो.

सगळ्या बोटांची ताकद सारखी करायचा अट्टहासही त्याला मान्य नव्हता. प्रत्येक बोटाची ठेवण वेगळी, मग त्याचा स्वरही वेगळा असू दे, असं त्याचं म्हणणं. सहा-सहा तास घासण्यावर तो चिडायचा, तीन तास पुरे म्हणायचा. आणि ओळ कशी वाजवायची हे कळत नसेल तर गायकांना ऐका, स्वतः गा, हा त्याचा आग्रह असायचा. लय थोडी ओढायची असेल तेव्हा डावा हात ठाम ठेवायचा आणि उजव्याला मोकळीक द्यायची. तबलजी ठेका धरून असतो आणि गायक त्यावर मागेपुढे होतो, ते आठवा.

म्हणजे व्यायाम टाकाऊ का? नाही. स्वतः शोपाँ स्केल आणि क्लेमेंटीचे धडे करून घ्यायचा. १८७३ चे हॅननचे ६० व्यायाम आजही क्लासेसमध्ये चालतात. प्रश्न ते कसे करायचे हा आहे. तोच व्यायाम एकदा हळू, एकदा चढत्या आवाजात, एकदा डावा हात दबका ठेवून वाजवला तर कान जागा राहतो. मोबाइल बघत पन्नास वेळा वाजवला तर बोटं पन्नास वेळा बेफिकिरी शिकतात.

मुंबई-पुण्यात मुलांना ट्रिनिटीच्या परीक्षांना बसवणाऱ्या पालकांसाठी यातली एक गोष्ट थेट खिशाशी जोडलेली आहे. साधा कीबोर्ड 'टच सेन्सिटिव्ह' नसेल तर हळू-जोरात हा फरक त्यात नसतोच, हार्प्सिकॉर्डसारखा. त्यावर मूल कितीही हुशार असलं तरी भाव शिकणार कशावर? ६१ पट्ट्यांचा टच सेन्सिटिव्ह कीबोर्ड सुरुवातीला चालून जातो. पुढे पियानोच शिकायचा असेल तर 'वेटेड' म्हणजे पट्ट्यांना खऱ्या पियानोसारखं वजन असलेला डिजिटल पियानो बघा. दुकानात गेलात की एकच पट्टी आधी अगदी हळू आणि मग जोरात दाबून पाहा. आवाज तोच आला, तर बाकी ५०० टोन आणि लाइट्स कितीही चकचकीत असोत, पुढच्या मॉडेलकडे वळा.