वारशाने मिळणारी सेटिंग्ज : एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलचा इतिहास (थ्रेड)

१/ वेब ॲप्लिकेशनला डेटाबेसचा पत्ता, पासवर्ड आणि इतर सेवांच्या किल्ल्या लागतात. त्या ठेवायच्या कुठे? आजचे रूढ उत्तर आहे : एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये. हे उत्तर वेबहूनही जुने आहे आणि त्यामागची मूळ गरज वेगळीच होती.

२/ अमेरिकेतील बेल लॅब्समध्ये १९६९ साली केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्सची उभारणी सुरू केली. आरंभीच्या युनिक्समध्ये नव्या प्रोग्रामच्या हाती केवळ आज्ञेसोबत लिहिलेले शब्द पडत. १९७९ च्या सातव्या आवृत्तीने त्यात भर घातली ती 'नाव=मूल्य' अशा ओळींच्या यादीची. स्टीफन बॉर्न यांचे शेलही याच आवृत्तीतले. वापरकर्त्याचे घर कोणते, प्रोग्राम कुठे शोधायचे, अशी माहिती या यादीत असे.

३/ या यादीचा नियम वारशासारखा आहे. एका प्रोसेसमधून दुसरी जन्मते तेव्हा तिला यादीची प्रत मिळते. ती आपल्या प्रतीत हवा तो बदल करू शकते, मात्र जन्मदात्या प्रोसेसची यादी अबाधित राहते. वारसा वरून खाली येतो, उलट जात नाही.

४/ १९९३ मध्ये इलिनॉय विद्यापीठातील एनसीएसए येथे कॉमन गेटवे इंटरफेस, म्हणजेच सीजीआय, आकाराला आले. वाचकाची मागणी सर्व्हरने प्रोग्रामला कळवायची कशी? त्यासाठी हाताशी असलेले हेच साधन निवडले गेले. पूर्वी यादीत यंत्राच्या मालकाचे शब्द असत. आता अनोळखी माणसाने पाठवलेला मजकूरही तिथे येऊ लागला.

५/ सेटिंग्ज मात्र बहुधा कोडमध्ये किंवा कोडशेजारच्या फाइलमध्येच राहिल्या. यातला धोका इतिहासाच्या अभ्यासकाला चटकन उमगेल : व्हर्जन कंट्रोल हे दफ्तरखाना आहे. आज खोडलेला पासवर्ड कालच्या नोंदीत जसाच्या तसा सापडतो.

६/ हेरोकू या २००७ साली स्थापन झालेल्या कंपनीच्या अनुभवातून ॲडम विगिन्स यांनी २०११ च्या सुमारास 'ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप' ही बारा तत्त्वे मांडली. त्यातील तिसरे तत्त्व सांगते की सेटिंग्ज एन्व्हायर्न्मेंटमध्ये ठेवाव्यात. कसोटीही सोपी : एकही गुपित न फुटता संपूर्ण कोड या क्षणी जगासमोर ठेवता येईल का? शिवाय विकसकाचा संगणक, चाचणीचा सर्व्हर आणि प्रत्यक्ष सेवा या तिन्ही ठिकाणी कोड तोच राहतो, फक्त मूल्ये बदलतात.

७/ सप्टेंबर २०१४ मध्ये जुनी निवड अंगाशी आली. बॅश शेलमधील 'शेलशॉक' हा दोष उघड झाला. एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये विशिष्ट रीतीने लिहिलेला मजकूर बॅश आज्ञा समजून चालवत असे. सीजीआय परक्यांचा मजकूर तिथेच ठेवत असल्याने दूरचा हल्लेखोरही सर्व्हरकडून हवे ते करवून घेऊ शकत होता. हा दोष १९८९ पासून, म्हणजे पंचवीस वर्षे, बॅशमध्ये पडून होता.

८/ कोडमधील किल्लीची किंमत २०१६ मध्ये दिसली. हल्लेखोरांनी उबरच्या खाजगी गिटहब भांडारात शिरकाव केला. तिथल्या कोडमध्ये क्लाउड साठ्याची किल्ली उघडी पडली होती. तिच्या आधारे जगभरातील सुमारे ५ कोटी ७० लाख प्रवासी व चालकांची माहिती चोरीला गेली. कंपनीने हे जाहीर केले ते थेट नोव्हेंबर २०१७ मध्ये.

९/ मग एन्व्हायर्न्मेंट ही तिजोरी ठरते का? नाही. लिनक्सवर त्याच वापरकर्त्याच्या दुसऱ्या प्रोसेसला ही यादी सहसा वाचता येते. बिघाडाच्या नोंदीत ती छापली जाऊ शकते. जन्मणाऱ्या प्रत्येक प्रोसेसला तिची प्रत मिळते. सोयीसाठी वापरली जाणारी 'डॉट-एन्व्ह' फाइल चुकून भांडारात गेली, तर जुनाच रोग परततो. म्हणूनच अतिसंवेदनशील गुपितांसाठी आता स्वतंत्र व्यवस्था वापरल्या जातात.

१०/ सातव्या आवृत्तीतील यादी सोयीसाठी होती, गोपनीयतेसाठी नव्हे. ती कोड आणि सेटिंग्ज वेगळ्या ठेवते. गुपित राखण्याचे काम तिच्यावर नंतरच्या पिढ्यांनी सोपवले. यादीत काय ठेवायचे आणि ते कुणाला वारशाने मिळू द्यायचे, हा निर्णय आजही प्रत्येक विकसकाला स्वतःच घ्यावा लागतो.