तबकडी थांबली, यंत्र चालू

जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधन संस्थेनं एक काळा चौकोनी डबा जपून ठेवला आहे. त्याच्या अंगावर कागदाची एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. ‘हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका’ अशा अर्थाचा मजकूर तिच्यावर लाल शाईनं हातानं लिहिलेला आहे. हा डबा म्हणजे ‘नेक्स्ट’ कंपनीचं वर्कस्टेशन. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली याच यंत्रावर वर्ल्ड वाइड वेबचा पहिला सर्व्हर उभा केला. म्हणजे त्या दिवसांत कुणी चुकून बटण दाबलं असतं, तर जगातलं सगळं वेब एका क्षणात बंद पडलं असतं!

यंत्र राहिलं, चिठ्ठीही राहिली; पण त्यावरची अगदी पहिली पानं राहिली नाहीत. २०१३ साली सर्ननं ते पहिलं संकेतस्थळ मूळ पत्त्यावर पुन्हा उभं करायला घेतलं, तेव्हा हाताशी असलेली जुन्यात जुनी प्रत निघाली १९९२ सालची. पुढे अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातून १९९१ सालची एक प्रत मिळाली. मधल्या काळात पानं बदलत गेली आणि जुनं राखून ठेवावं असं कुणाच्या मनात आलं नाही. कॉम्प्युटरचा इतिहास म्हटला की आपण पेटी बघतो, पडदा बघतो. पण खरा ऐवज असतो तो आतल्या हार्ड डिस्कमध्ये आणि नेमकी तीच सगळ्यांत आधी मरते.

१९८० आणि ९० च्या दशकांत वर्कस्टेशन म्हणजे शास्त्रज्ञांचं आणि इंजिनिअरांचं यंत्र. सन, सिलिकॉन ग्राफिक्स, नेक्स्ट, ह्युलेट-पॅकार्ड ही त्यातली मोठी घराणी. १९९३ च्या ‘ज्युरासिक पार्क’मधले डायनोसॉर सिलिकॉन ग्राफिक्सच्या यंत्रांवर चालायला शिकले. पुण्याच्या सी-डॅकनं १९९८ साली ‘परम १००००’ हा महासंगणक तयार केला, त्यात सनचेच प्रोसेसर होते. या घराण्यांतली तीन आता नावापुरती उरली आहेत. नेक्स्ट १९९७ साली ॲपलमध्ये विलीन झाली, सिलिकॉन ग्राफिक्सचं दिवाळं निघून २००९ साली ती विकली गेली आणि सन २०१० साली ओरॅकलनं घेतली. तेव्हा सुटे भाग मागायचे तरी कुणाकडे?

आणि हार्ड डिस्कला सुटे भाग नसतातच. सीलबंद पेटीत चकचकीत तबकड्या मिनिटाला ३६०० किंवा त्याहून अधिक फेऱ्या घेत असतात. त्यांच्यावर केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर वाचणारं हेड तरंगत असतं. तीस वर्षांत बेअरिंगमधलं वंगण सुकतं. आतला रबराचा छोटासा तुकडा डांबरासारखा चिकट होतो आणि हेडचा हात त्यात रुतून बसतो. कधी हेडच तबकडीला चिकटतं. त्या काळचे दुरुस्ती करणारे तर डिस्क हातात धरून मनगटाला एक झटका देत असत. तबकडी सुटली तर सुटली, नाहीतर राम म्हणायचं. झाकण उघडून दुरुस्ती करावी म्हटलं, तर धुळीचा एक कणही पुरे होतो.

इथे एक विरोधाभास आहे. जगातली पहिली हार्ड डिस्क आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत तयार झाली आणि १९५६ साली ‘रॅमॅक’ या यंत्राबरोबर जगापुढे आली. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या, वजन जवळजवळ एक टन आणि साठवण पन्नास लाख अक्षरांची. हे धूड कॅलिफोर्नियातल्या स्वयंसेवकांनी आपल्या शतकात पुन्हा फिरवून दाखवलं, कारण त्याच्या प्रत्येक भागाला हात लावता येतो, तो घासता येतो, बदलता येतो. १९९० ची तळहातावर मावणारी डिस्क मात्र मेली की मेली.

मग ती बदलायची कशी? याचं उत्तर एका रुक्ष कागदात दडलेलं आहे. १९८० च्या आसपासच्या छोट्या डिस्कना कॉम्प्युटरला फार समजावून सांगावं लागे. हात इतकी पावलं पुढे ने, अमुक नंबरचं हेड निवड, आता तबकडी फिरून तो भाग समोर येईपर्यंत थांब. प्रत्येक डिस्कची अंगकाठी यंत्राला पाठ असावी लागे. कॅलिफोर्नियातल्या शुगार्ट असोसिएट्स या कंपनीनं यावर एक सोपी तोड काढली. डिस्कलाच थोडी अक्कल द्यायची. कॉम्प्युटरनं फक्त ‘इतक्या नंबरचा ब्लॉक दे’ एवढंच म्हणायचं, तो कुठल्या तबकडीवर आहे ते डिस्कनं बघायचं. ग्रंथालयाच्या खिडकीवर आपण नंबराची चिठ्ठी देतो आणि आतला माणूस पुस्तक आणून देतो, तसंच. कंपनीनं ही पद्धत स्वतःपुरती झाकून ठेवली नाही, उघड केली. तिच्यातूनच पुढे १९८६ साली अमेरिकेचं अधिकृत प्रमाण ठरलं. त्याचं नाव स्कझी. समित्यांच्या बैठकांतून निघालेल्या अशा कागदाचं कौतुक कुणी करत नाही, पण मला विचाराल तर जुनी वर्कस्टेशनं आज जिवंत आहेत ती त्याच्या जोरावर. कारण खिडकीवर उभ्या असलेल्या माणसाला आत कोण काम करतंय हे दिसतच नाही. आतला माणूस बदलला तरी चालतं.

सुरुवातीला लोकांनी नव्या स्कझी डिस्क जुन्या यंत्रांत बसवल्या. पण ऐंशी पिनांची डिस्क पन्नास पिनांच्या केबलला जोडायला मध्ये अडॅप्टर लागे, आणि अशा डिस्कचं उत्पादनही पुढे थांबलं. मग हौशी मंडळी पुढे सरसावली. ऑस्ट्रेलियात ‘स्कझी-टू-एसडी’ तयार झालं. जपानमध्ये शार्प कंपनीच्या जुन्या कॉम्प्युटरसाठी ‘रास्कझी’ झालं. तिथल्याच आणखी एका हौशी प्रकल्पावरून अमेरिकेत २०२१ साली ‘ब्लूस्कझी’ निघालं. यांतल्या बहुतेकांनी आपला प्रोग्रॅम सर्वांसाठी खुला ठेवला. हे सगळं असतं काय, तर हाताएवढं एक सर्किट, त्यात कॅमेऱ्यात घालतो तसलं मेमरी कार्ड. एका बाजूनं ते स्कझीची भाषा बोलतं, दुसऱ्या बाजूनं कार्डवरची फाइल वाचतं.

पण सोंग घ्यायचं तर पुरतं घ्यावं लागतं. यंत्र सुरू होताना विचारतं, तू कोण? कंपनी कोणती, मॉडेल कोणतं? ॲपलची जुनी मांडणी करणारी आज्ञावली स्वतःच्या शिक्क्याच्या डिस्कशिवाय इतरांना ओळखच देत नसे, तेव्हा तिला ते नाव सांगावं लागतं. सनच्या जुन्या यंत्रांना सीडीसुद्धा ५१२ बाइटच्या तुकड्यांत हवी, नेहमीच्या २०४८ च्या नाही. केबलच्या टोकाला टर्मिनेटर नसला तर संदेश भिंतीवर आपटलेल्या चेंडूसारखा परत येतो आणि सगळा गोंधळ उडतो. शिवाय त्या काळच्या सनच्या प्रणालीला दोन जीबीपेक्षा मोठा कप्पा कळत नाही. आज बाजारात बत्तीस जीबीपेक्षा लहान कार्ड शोधावं लागतं! मग एकाच कार्डनं चार वेगवेगळ्या डिस्क असल्याचं नाटक करायचं.

काही संग्राहकांना हे पटत नाही. डिस्कचा तो चढत जाणारा सूर आणि हेडची करकर हाही यंत्राचाच भाग आहे, असं ते म्हणतात. त्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. पण चालती डिस्क निव्वळ आवाजासाठी झिजवत बसायचं आणि तिच्यावरचं सगळं तिच्याबरोबर जाऊ द्यायचं, हे मला जड जातं. तेव्हा आधी जुनी डिस्क पहिल्या ब्लॉकपासून शेवटच्यापर्यंत उतरवून घ्यायची, मगच ती काढायची. घाईत अनेक जण नवं कार्ड बसवतात आणि जुनी डिस्क भंगारात देतात. तसं केलं की पेटी वाचते आणि ऐवज जातो.

माझ्या ओळखीचे रसायनशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांच्या माळ्यावर सनचं एक चपटं वर्कस्टेशन होतं, त्यात ४२४ एमबीची डिस्क. रेणूंच्या गणिताचे त्यांचे स्वतःचे प्रोग्रॅम त्यात होते, दुसरी प्रत कुठेच नव्हती. आम्ही डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली. दोनदा फिरली नाही. तिसऱ्यांदा मी मनगटाचा तो जुना झटका दिला आणि ती कुरकुरत सुरू झाली. रात्रभर ब्लॉकमागून ब्लॉक उतरत होते आणि सर शेजारी खुर्ची टाकून बसले होते. अकरा ब्लॉक शेवटपर्यंत वाचता आले नाहीत. त्यातला एक नेमका त्यांच्या एका विद्यार्थिनीच्या प्रबंधाच्या आकड्यांत होता. सकाळी डिस्क थांबली ती पुन्हा फिरली नाही.

यंत्राच्या चिपमधली बॅटरीही संपलेली होती, ती वेगळी बदलावी लागली. उतरवलेली फाइल कार्डवर टाकली आणि कार्डला सांगितलं, तुझा नंबर तीन. कारण हे सन आपली पहिली डिस्क तीन नंबरवर शोधतं. बटण दाबलं. पंखा घुमला, पण डिस्कचा ओळखीचा सूर काही येईना. सरांनी पेटीला कान लावला, मान हलवली आणि मागचं बटण बंद करायला हात पुढे केला. मी तो घाईघाईनं धरला. पडद्यावर ओळी सरकायला लागल्या होत्या.