फोंटाने, टेओडोर

फोंटाने, टेओडोर : (३० डिसेंबर १८१९–२० सप्टेंबर १८९८). जर्मन पत्रकार, कवी आणि कादंबरीकार. एकोणिसाव्या शतकातील जर्मन वास्तववादी कादंबरीचा तो एक श्रेष्ठ प्रतिनिधी मानला जातो. त्याची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली, तेव्हा तो साठीच्या उंबरठ्यावर होता. तत्पूर्वीची जवळजवळ तीन दशके त्याने मुख्यतः वृत्तपत्रांच्या चाकरीत घालविली. त्याच्या कादंबऱ्यांची घडण समजून घ्यावयाची, तर या चाकरीकडे आणि तीत त्याने केलेल्या तडजोडींकडे पाहावे लागते.

ब्रांडेनबुर्ख प्रांतातील नॉयरुपीन येथे त्याचा जन्म झाला. आईवडील दोघेही फ्रान्समधून प्रशियात आश्रयास आलेल्या ह्यूगेनॉट पंथीयांचे वंशज. वडील औषधविक्रेते होते. तथापि जुगारापायी कर्ज होऊन त्यांना नॉयरुपीनचे औषधालय विकावे लागले व १८२७ मध्ये हे कुटुंब बाल्टिक समुद्रकाठच्या स्वीनम्युंड या बंदरात राहावयास गेले. फोंटानेनेही वडिलांचाच व्यवसाय पत्करला. १८३६ पासून बर्लिनमध्ये उमेदवारी केल्यानंतर लाइपसिक, ड्रेझ्डेन इ. ठिकाणी त्याने नोकऱ्या केल्या. १८४४ मध्ये तो बर्लिनमधील एका साहित्यमंडळाचा सदस्य झाला. तेथे प्रशियन सेनानींवरील त्याच्या कथागीतांचे कौतुक होई. १८४८ च्या मार्चमध्ये बर्लिनमध्ये क्रांतीचा उठाव झाला, तेव्हा तो उठाव करणाऱ्यांच्या बाजूने होता. पुढील वर्षी औषधांचा व्यवसाय कायमचा सोडून केवळ लेखणीवर जगण्याचे त्याने ठरविले आणि ड्रेझ्डेनच्या एका जहाल लोकशाहीवादी वृत्तपत्राला तो बर्लिनहून बातमीपत्रे पाठवू लागला.

हा निश्चय फार काळ टिकला नाही. १८५० मध्ये एमिली रुआने-कुमर हिच्याशी त्याचा विवाह झाला आणि संसार चालविण्यासाठी त्याने प्रशियन सरकारच्या वृत्तपत्रविषयक कार्यालयात नोकरी धरली. ज्या राजवटीविरुद्ध तो दोन वर्षांपूर्वी उभा होता, तिच्याच बाजूने लिहिण्याचे हे काम होते. दरमहा तीस रौप्यमुद्रांना आपण प्रतिगाम्यांच्या हाती विकले गेलो, असे त्याने १८५१ मध्ये आपल्या मित्राला पत्रातून कळविले. ख्रिस्ताचा विश्वासघात करणाऱ्या ज्यूडासला मिळालेल्या मोबदल्याचा त्यातील उल्लेख उघड आहे. या प्रकरणी स्वतःची फसवणूक मात्र त्याने केली नाही, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे.

सरकारी वृत्तसेवेच्या कामानिमित्त १८५५ ते १८५९ या काळात तो लंडनमध्ये होता. इंग्रजी वृत्तपत्रसृष्टी त्याने तेथे जवळून पाहिली. १८४२ मध्ये काबूलहून माघार घेणाऱ्या ब्रिटिश-हिंदी सैन्याच्या संहारावरील त्याचे कथागीत जर्मन शालेय संग्रहांतून पुढे सर्वपरिचित झाले. १८५८ मधील स्कॉटलंडच्या प्रवासात लॉख लीव्हन येथील पडका किल्ला पाहत असता आपल्या प्रांतातील राइन्सबेर्ख येथील वाडा त्याला आठवला आणि मायभूमीचा असाच शोध घेण्याची कल्पना सुचली, असे त्याने नमूद केले आहे. या कल्पनेतून वांडरुंगेन डुर्श डी मार्क ब्रांडेनबुर्ख (४ खंड, १८६२–८२, म. शी. 'ब्रांडेनबुर्ख प्रांतातील भ्रमंती') हा ग्रंथ सिद्ध झाला. सरदारांचे वाडे, चर्चमधील थडगी, रणभूमी आणि गावोगावचे पाद्री यांच्याकडून गोळा केलेल्या आख्यायिका त्यात आहेत. पुढे कादंबऱ्यांतून येणारी बहुतेक स्थळे व माणसे त्याला या भटकंतीत भेटली.

१८६० ते १८७० ही दहा वर्षे तो कडव्या सनातनी मताच्या क्रॉइत्सत्साइटुंग या वृत्तपत्रात इंग्लंडविषयक मजकूर सांभाळीत होता. या काळातील एक प्रकार विलक्षण आहे. 'लंडनच्या वार्ताहराकडून' म्हणून छापली जाणारी त्याची अनेक बातमीपत्रे बर्लिनमध्ये लिहिलेली असत. इंग्रजी वृत्तपत्रांतील मजकूर आणि लंडनच्या रस्त्यांची आठवण एवढेच त्याचे साहित्य. १८६१ मध्ये लंडनच्या टूली स्ट्रीट भागात प्रचंड आग लागली, तेव्हा आपण स्वतः घटनास्थळी जाऊन आलो अशा थाटाचे वर्णन त्याने बर्लिनमध्ये बसून लिहिले. वृत्तव्यवसायाच्या दृष्टीने ही निखालस लबाडी होय, मग तो त्या काळी रूढ असलेला प्रघात का असेना. न पाहिलेले दृश्य कागदपत्रांवरून डोळ्यांसमोर उभे करण्याची कला तो या कामात शिकला, हेही तितकेच खरे. स्कॉटलंडमधील टे नदीवरील रेल्वेचा पूल २८ डिसेंबर १८७९ रोजी वादळात कोसळला. त्यावरील त्याची प्रसिद्ध कविता पुढच्याच महिन्यात छापून आली, तीही वृत्तपत्रांतील बातम्यांच्या आधारे.

१८६४, १८६६ आणि १८७०–७१ या तिन्ही युद्धांवर त्याने मोठे ग्रंथ लिहिले. फ्रान्समध्ये हिंडत असता जोन ऑफ आर्कचे जन्मस्थान पाहण्यासाठी तो दोंरेमी येथे गेला आणि तेथे हेर समजून पकडला गेला (ऑक्टोबर १८७०). ओलेराँ बेटावरील बंदिवासातून काही आठवड्यांनी त्याची सुटका झाली. या अनुभवावरील पुस्तकात शत्रुपक्षाविषयी कडवटपणा जवळजवळ नाही. त्याच वर्षी क्रॉइत्सत्साइटुंग सोडून तो उदारमतवादी फोसिश त्साइटुंगचा नाट्यसमीक्षक झाला व १८८९ पर्यंत त्या पदावर राहिला. १८७६ मध्ये कलाअकादमीचे चिटणीसपद त्याला लाभले. परंतु काही महिन्यांतच त्याने राजीनामा दिला. निश्चित उत्पन्न हातचे गेल्यामुळे पत्नी अत्यंत नाराज झाली. त्यानंतर दोन वर्षांनी नेपोलियनविरोधी संघर्षाच्या काळावरील फोर देम श्टुर्म (१८७८, म. शी. 'वादळापूर्वी') ही त्याची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली.

पुढील वीस वर्षांत त्याने सोळा-सतरा कादंबऱ्या व दीर्घकथा लिहिल्या. त्यांपैकी उत्कृष्ट त्या समकालीन बर्लिनच्या आहेत. त्यांत घटना थोड्या असून संभाषणे पुष्कळ आहेत. मेजवान्या, नौकाविहार, पत्रे यांतून माणसे उलगडत जातात. इरुंगेन, विरुंगेन (१८८८, म. शी. 'चुका आणि गुंते') ही एक सरदारपुत्र व एक कष्टकरी तरुणी यांच्या प्रेमाची कथा. १८८७ मध्ये ती फोसिश त्साइटुंगमधून क्रमशः येत असता वाचकवर्गात संताप उसळला. अनीतीचे चित्रण हे त्याचे वरवरचे कारण. नायिका नायकाहून अधिक खानदानी वृत्तीची दाखविली आहे, ही खरी बोच असावी.

एफी ब्रीस्ट (१८९५) ही त्याची सर्वश्रेष्ठ कादंबरी. तिचा आधार प्रत्यक्ष घडलेले एक प्रकरण आहे : आर्मांट फोन आर्डेन या लष्करी अधिकाऱ्याने आपल्या पत्नीच्या प्रियकराला १८८६ मध्ये द्वंद्वयुद्धात ठार केले होते. हकीकत फोंटानेच्या कानी आली, तीही वृत्तपत्राच्या मालकाच्या घरातून. त्याने तीत केलेला बदल निर्णायक आहे. कादंबरीतील पतीला, इन्श्टेटेनला, जुनी प्रेमपत्रे सापडतात ती प्रकरण संपून सहा वर्षे उलटल्यावर. त्याच्या मनात द्वेष नाही, पत्नीवर प्रेमही आहे. परंतु मित्रापाशी एकदा बोलून गेल्यावर आता माघार नाही, असे त्याला वाटते. ज्यावर विश्वास उरलेला नाही, अशा नियमाची तो चाकरी करतो आणि तीन आयुष्यांची माती करतो. तीस रौप्यमुद्रांचे पत्र लिहिणाऱ्या माणसानेच हा प्रसंग इतक्या समजुतीने लिहावा, याचे नवल वाटत नाही. मूळ प्रकरणातील स्त्री मात्र कादंबरीतील एफीप्रमाणे तरुणपणी मरण पावली नाही. ती रुग्णसेवा करीत १९५२ पर्यंत जगली. या कादंबरीवर फासबिंडरने १९७४ मध्ये चित्रपट काढला.

उतारवयात फोंटाने राजकीय दृष्ट्या पुन्हा डावीकडे झुकला. १८८९ मध्ये गेर्हार्ट हाउप्टमानच्या पहिल्या, वादग्रस्त नाटकाचे त्याने स्वागत केले. त्याच्या खाजगी पत्रांतील ज्यूद्वेषाचे उद्‌गार मात्र या उदारपणाशी विसंगत असून, अलीकडील अभ्यासकांनी ते दृष्टीआड केलेले नाहीत. टोमास मान त्याला आपला गुरू मानीत असे. एफी ब्रीस्टमध्ये 'बुडेनब्रोक' हे आडनाव एका दुय्यम पात्राला आलेले आहे, हे येथे लक्षणीय होय. डेअर श्टेश्लिन ही अखेरची कादंबरी नियतकालिकातून छापून झाली होती. ती ग्रंथरूपाने बाहेर येण्यापूर्वीच बर्लिन येथे त्याचे निधन झाले.